साडेसहाला आठ वाजतात

मंडळी, मुसफ्फात संध्याकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा महाराष्ट्रात आठ वाजलेले असतात. गावी फोन लावण्याआधी हा दीड तासाचा हिशेब आता बोटे न मोजताच होतो. पण हा दीड तास किती मोलाचा आहे, हे आपल्या सहसा लक्षात येत नाही.

न्यू जर्सीतल्या आपल्या भाचीला विचारून पाहा. सांगलीत रात्री आठची मालिका सुरू होते, तेव्हा तिच्याकडे सकाळचे साडेनऊ किंवा साडेदहा झालेले असतात आणि ती ऑफिसात असते. लंडनमध्ये दुपार असते. आखातात मात्र शाबियातल्या घरी कुकरची शिट्टी होते, त्याच वेळी गावाकडे आई टीव्हीसमोर बसते. म्हणजे ती जे बघते, ते आपण त्याच क्षणी बघू शकतो. परदेशातल्या फार थोड्या मराठी माणसांच्या वाट्याला ही सोय आली आहे.

मोबाइलवर हवे ते, हवे तेव्हा बघता येऊ लागल्यापासून आपण नेमकी हीच सोय वापरेनासे झालो आहोत. आईची मालिका आठला, बाबांची जेवणानंतर, मुलीची गादीत शिरल्यावर, तीही कानात इअरफोन घालून. म्हणून घरचा टीव्ही ऑनलाइन कसा बघावा, कोणत्या वाटेने बघू नये आणि कुणासोबत बघावा, याबद्दल थोडे बोलू या.

कॅसेटपासून मोबाइलपर्यंत

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. सत्तर-ऐंशीच्या दशकात आखातात आलेल्या आपल्या आधीच्या पिढीला त्याचा काही उपयोग नव्हता. त्यांचे करमणुकीचे साधन म्हणजे व्हिडिओ कॅसेट, आणि घरची खुशाली म्हणजे पंधरा दिवसांनी येणारे पत्र. १९९२ साली झी टीव्ही आला आणि डिशवर हिंदी दिसू लागले. मराठीसाठी १५ ऑगस्ट १९९९ची वाट पाहावी लागली. त्या दिवशी अल्फा मराठी सुरू झाली, तीच आजची झी मराठी. पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी आली, तिला आता आपण कलर्स मराठी म्हणतो. २००८ मध्ये स्टार प्रवाह आणि २०१८ मध्ये सोनी मराठी आली.

म्हणजे ‘आभाळमाया’ बघितलेल्या आईची मुलगी आज मोबाइलवर ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ बघते. एका पिढीत एवढा पल्ला गाठला गेला. आता प्रश्न मराठी कार्यक्रम मिळत नाही हा नाही. तो सरळ मार्गाने आणि एकत्र कसा बघायचा, हा आहे.

पैसे भरले, तरी दिसत नाही?

गावी असताना वर्षाचे पैसे भरून ॲप घेतले. इथे येऊन उघडले, तर ‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’ अशी पाटी. हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना आला असेल. यात मोबाइलचा दोष नाही. मालिका, चित्रपट, क्रिकेट यांचे हक्क देशानुसार वेगवेगळे विकले जातात. भारतातले हक्क एका कंपनीकडे आणि अमिरातीतले दुसऱ्याकडे असू शकतात. तुमचा फोन इंटरनेटला जोडला गेला की त्याला एक आयपी पत्ता मिळतो, आणि त्यावरून तुम्ही कोणत्या देशात आहात हे ॲपला कळते. तुम्ही पैसे कुठे भरले याला महत्त्व नाही. आज तुम्ही कुठे आहात, त्यावर कार्यक्रमांची यादी ठरते. म्हणून वर्षाचे पैसे भरण्याआधी ते ॲप इथल्या नेटवर उघडून, आपली मालिका त्यात आहे का ते बघून घ्या.

स्वस्त डबा, महाग सौदा

पाटी दिसली की कुणीतरी सल्ला देतोच, ‘व्हीपीएन टाक, सगळं दिसतं.’ दुसरा एक डबा आणून देतो. एकदाच पैसे भरायचे आणि जगभरच्या हजारो वाहिन्या बघायच्या. मंडळी, इथे जरा थांबा.

अफवा आणि सायबर गुन्ह्यांविरुद्धचा अमिरातीचा २०२१चा ३४ क्रमांकाचा संघीय कायदा २ जानेवारी २०२२पासून लागू आहे. गुन्हा करण्यासाठी किंवा तो उघडकीला येऊ नये म्हणून आपला आयपी पत्ता फसवा दाखवला, तर त्यात तुरुंगवास आणि ५ लाख ते २० लाख दिरहम दंड, किंवा दोन्हींपैकी एक, अशी शिक्षा आहे. ५ लाख दिरहम म्हणजे १ कोटी रुपयांहून जास्त. व्हीपीएन हे तंत्र मुळात बेकायदा नाही, बँका आणि कंपन्या कामासाठी ते रोज वापरतात. ते कशासाठी वापरले, याला महत्त्व आहे. चोरीच्या वाहिन्या दाखवणाऱ्या डब्यांचा संबंध कॉपीराइटच्या कायद्याशी येतो. तो कायदाही इथे २०२१ मध्ये नव्याने आला आहे.

आपला इथला मुक्काम नोकरीवर आणि व्हिसावर अवलंबून आहे. अर्ध्या तासाच्या मालिकेसाठी तो पणाला लावण्यात शहाणपण नाही. कॅम्पमधल्या नव्या मुलांना हे आवर्जून सांगा. त्यांना असा सल्ला देणारे पुष्कळ असतात, त्यातला धोका सांगणारे फारसे कुणी नसते.

सरळ वाटा पुष्कळ आहेत

बातम्यांसाठी एक पैसाही खर्च करायला नको. एबीपी माझा, झी २४ तास, टीव्ही ९ मराठी या वाहिन्या यूट्यूबवर थेट दिसतात. सह्याद्रीच्या बातम्याही यूट्यूबवर असतात. आरडाओरडा नको असेल त्यांना सह्याद्रीच बरी. झी फाइव्ह २०१८ मध्ये सुरू झाले आणि त्याच वर्षी परदेशातल्या प्रेक्षकांसाठीही खुले झाले. घरच्या टीव्ही-इंटरनेटच्या पॅकेजमध्ये मराठी वाहिनी घेता येते का, हे कंपनीला एकदा विचारा. अनेक घरांत नको असलेल्या वाहिन्यांचे पैसे भरले जातात आणि हवी ती कुणी मागतच नाही.

कॅम्पमध्ये राहणाऱ्यांचा प्रश्न डेटाचा असतो. त्याचा साधा हिशेब असा. सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने मोबाइलच्या पडद्यावर चित्र ठीक दिसते, आणि त्याला तासाला साधारण ४५० एमबी लागतात. जाहिराती वगळून बावीस मिनिटांचा एक भाग म्हणजे सुमारे १६५ एमबी. यूट्यूब आपोआप चित्राचा दर्जा वाढवते आणि डेटा भराभर संपतो, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन ४८० किंवा ३६० निवडा. ॲपमध्ये डाउनलोडची सोय असेल, तर वायफाय मिळेल तिथे भाग उतरवून घ्या आणि रात्री पलंगावर पडून बघा.

आणि रेडिओ विसरू नका. आकाशवाणीच्या ‘न्यूज ऑन एअर’ ॲपवर मुंबईची अस्मिता वाहिनी, तसेच पुणे, नागपूर यांसारखी केंद्रे ऐकता येतात. ६४ केबीपीएसने ऐकले तर तासाला ३० एमबीसुद्धा लागत नाहीत. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात उन्हातली कामे दुपारी साडेबारा ते तीन बंद ठेवावी लागतात. त्या वेळी डोळे मिटून पडल्या पडल्या मराठी कानावर पडली, तर शिणवटा थोडा हलका होतो.

बातम्या आणि काळजी

घरचा टीव्ही नेहमी सुखच देतो असे नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली गेले आणि २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. तेव्हा आपल्यापैकी कित्येकांनी इथे बसून मोबाइलवर तेच दृश्य पुन्हा पुन्हा पाहिले, आणि घरचा फोन काही लागत नव्हता. अशा वेळी एक लक्षात ठेवा. वाहिन्या एकच चित्रीकरण दिवसभर फिरवतात. सकाळचे पाणी संध्याकाळीही तेवढेच दिसते, मग प्रत्यक्षात ते ओसरलेले का असेना. म्हणून गावातल्या दोन-तीन शेजाऱ्यांचे नंबर आधीच जवळ असू द्या. त्यांच्या एका फोनने जे कळते, ते चार तास टीव्ही बघून कळत नाही.

हे उलट दिशेनेही होते. १६ एप्रिल २०२४ रोजी अमिरातीत विक्रमी पाऊस झाला. दुबईचे बुडालेले रस्ते मराठी वाहिन्यांवर दिसले आणि मुसफ्फातले फोन खणखणू लागले. दुबई आणि मुसफ्फा यांच्यात शंभराहून अधिक किलोमीटरचे अंतर आहे, हे आजीला कोण सांगणार? तिच्या टीव्हीवर सगळे आखात एकच. तेव्हा अशी बातमी दिसली की तिचा फोन येण्याआधी आपणच करावा.

मुलांची मराठी कुठे लागते?

आता खरा मुद्दा. अमेरिकेतल्या मराठी मुलाला मराठी आली नाही, तर आई-वडिलांना वाईट वाटते. आपल्याकडे गोष्ट त्याहून पुढची आहे. आपल्यापैकी बहुतेकांना आज ना उद्या परत जायचे आहे. आपली मुले बारावीनंतर पुण्या-मुंबईच्या कॉलेजात जातात. इथल्या शाळेत इंग्रजी, हिंदी आणि अरबी शिकलेला मुलगा तिथे रिक्षावाल्याशी, मेसच्या काकूंशी, वर्गातल्या साताऱ्याच्या मित्राशी काय बोलणार? आजोबा दवाखान्यात असतील, तर कुठे दुखते ते त्यांना कोणत्या भाषेत विचारणार? त्याला मराठी कामाला लागणार आहे.

अनेक घरांत असे गृहीत धरले जाते की मालिका चालू असली की मुले आपोआप शिकतात. ऐकून समजायला लागते, हे खरे. पण बोलायला लागते ते बोलूनच. मालिका नुसती चालू ठेवून मुलगा कोपऱ्यात गेम खेळत बसला, तर त्याला ‘अगं बाई’ आणि कटकारस्थाने तेवढी समजतील.

म्हणून एक साधा उपाय करून बघा. आठवड्यातून एक दिवस आणि एकच कार्यक्रम ठरवा. तो आजी गावी बघते, तोच असू द्या. भाग संपला की बोटिमवर आजीला फोन लावा आणि फोन मुलाच्या हातात द्या. त्याने सांगायचे, आज काय झाले, पुढे काय होईल, कोण चुकले. तुम्ही मध्ये बोलू नका. तो अडला, तर शब्द आजी देईल. ‘जेवलास का? अभ्यास कसा चाललाय?’ या दोन प्रश्नांनंतर आजी-नातवाचे बोलणे जिथे संपते, तिथून ते पुढे जायला काहीतरी निमित्त लागते. एखादी भांडकुदळ सासूही त्या कामी येते.

बोलीचीही गंमत आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’मुळे मालवणी घराघरांत पोहोचली, आणि त्याच वर्षीच्या ‘तुझ्यात जीव रंगला’मुळे कोल्हापुरी. तुमचे गाव त्या मुलखातले असेल, तर मुलांना सांगा, ‘आपले आजोबा असेच बोलतात.’ आजोबांची भाषा टीव्हीवर ऐकली की मुले तिला गावंढळ म्हणायला धजत नाहीत.

इथेच वाढलेल्या वाचकांनो

आता थोडे तुमच्याशी. आईची मालिका तुम्हाला लांबण लावणारी वाटते, आणि बऱ्याचदा ती तशी असतेही. मग तुमच्या पसंतीचे काही निवडा. ‘भाडिपा’चे व्हिडिओ यूट्यूबवर आहेत, इंग्रजी सबटायटल्ससह. चित्रपटांत ‘श्वास’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘कोर्ट’ बघा. तिन्ही चित्रपट भारतातर्फे ऑस्करसाठी पाठवले गेले होते. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’मध्ये दादासाहेब फाळके १९१३चा आपला पहिला चित्रपट कसा तयार करतात, ते बघून हसूही येते आणि अभिमानही वाटतो. पहिल्यांदा सबटायटल्स लावून बघा. दुसऱ्यांदा ती बंद करून आई-बाबांसोबत बघा आणि जे समजले नाही ते विचारा. त्यांना सांगायला फार आवडेल.

यंदाच्या दिवाळीत

२०२२च्या जानेवारीपासून इथली सरकारी सुट्टी शनिवार-रविवारवर आली. पूर्वी आपला शुक्रवार आणि गावाकडचा रविवार यांची गाठच पडत नसे. आता अनेकांचा रविवार तिथल्या रविवारशी जुळला आहे, आणि रविवारी तर महाएपिसोड असतात.

शाबियात आणि मोहम्मद बिन झायेद सिटीत राहणाऱ्या कुटुंबांना म्हणून एक विनंती. तुमच्याकडे मोठा टीव्ही आहे, नेट आहे. दिवाळीच्या रविवारी औद्योगिक भागातल्या कॅम्पवरच्या दोन-तीन मराठी मुलांना घरी बोलवा. साडेसहाला टीव्ही लावा, तिकडे त्यांच्या घरच्यांनाही तीच वाहिनी लावायला सांगा. जाहिरात लागली की फोन करा. या मुलांच्या आयांना वर्षभर एकच चिंता असते, लेक एकटा आहे. त्या संध्याकाळी त्यांना फोनवर मागून कुकरची शिट्टी, लहान मुलांचा दंगा आणि आपलीच मालिका ऐकू येईल. फराळाच्या ताटात दोन चकल्या जास्त ठेवा.