दोन राजे, एक शपथ

राज्यक्रांतीनंतर नव्या राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ धर्मगुरूंनी घ्यावी की नाही, हा प्रश्न इंग्लंडमध्ये १६८९ साली जितक्या तीव्रतेने उभा राहिला, तितका तो युरोपच्या इतिहासात क्वचितच राहिला असेल. कारण तेथे राजा हाच राष्ट्रीय चर्चचा सर्वोच्च अधिपती होता आणि प्रत्येक उपासनेत त्याचे नाव घेऊन प्रार्थना होत असे. डिसेंबर १६८८ मध्ये कॅथलिक राजा दुसरा जेम्स फ्रान्सला निघून गेला आणि १३ फेब्रुवारी १६८९ रोजी त्याचा जावई विल्यम व कन्या मेरी यांना राजपद मिळाले, तेव्हा जेम्सच्या निष्ठेची शपथ वाहिलेल्या पाद्र्यांपुढे एक राजा जिवंत असताना दुसऱ्याची शपथ कशी घ्यावी, हा पेच पडला.

संसदेने १ ऑगस्ट १६८९ ही मुदत घातली. त्यानंतर निलंबन आणि पुढील सहा महिन्यांत शपथ न घेतल्यास पदच्युती, असा कायदा होता. पाद्र्यांची अडचण ओळखून नव्या शपथेतून राजा ‘हक्काचा आणि कायदेशीर’ असल्याचे शब्द गाळण्यात आले होते, त्यामुळे हक्काने राजा आणि प्रत्यक्ष सत्तेने राजा, म्हणजेच ‘दे ज्युरे’ व ‘दे फॅक्टो’, असा भेद मनाशी करून बहुसंख्यांनी ती घेतली. तरीही नऊ बिशप आणि सुमारे चारशे पाद्री नकारावर ठाम राहिले. ‘शपथ घेणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून त्यांना ‘नॉनज्युरर’, म्हणजे शपथ नाकारणारे, हे नाव पडले. नऊपैकी तीन बिशप पदच्युतीपूर्वीच वारले आणि उरलेल्या सहांना १६९० मध्ये पदे गमवावी लागली.

हे लोक जेम्सचे भाट होते, असे समजणे अन्यायाचे ठरेल. धर्मस्वातंत्र्याचे राजघोषणापत्र चर्चमधून वाचून दाखवण्याच्या त्याच्या आज्ञेला विरोध केल्याबद्दल १६८८ च्या जूनमध्ये ज्या सात बिशपांवर खटला चालला आणि जे निर्दोष सुटले, त्यांतील पाच जण, आर्चबिशप विल्यम सँक्रॉफ्ट आणि बाथ व वेल्सचे बिशप टॉमस केन यांच्यासह, पुढे नॉनज्युरर झाले. राजाची आज्ञा धर्माविरुद्ध असेल तर ती पाळू नये, परंतु त्याच्यावर शस्त्रही उचलू नये व होईल ती शिक्षा सोसावी, या त्यांच्या तत्त्वात दोन्ही वर्तने एकत्र बसत होती. जेम्सला ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य आणि विल्यमला ‘हो’ म्हणण्याची असमर्थता ही एकाच सचोटीची दोन रूपे होती.

दुसऱ्या बाजूचाही युक्तिवाद पोकळ नव्हता. सँक्रॉफ्ट यांनी १६९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या बिशप ओव्हरॉल यांच्या जुन्या ग्रंथातच विल्यम शेरलॉक या विद्वान पाद्र्याला, स्थिरावलेली सत्ता ईश्वरी योजनेनेच आलेली असते, असा आधार सापडला. त्याने शपथ घेतली आणि १६९१ मध्ये तो सेंट पॉल कॅथेड्रलचा डीन, म्हणजे प्रमुख धर्माधिकारी, झाला. त्याच वर्षी सँक्रॉफ्ट लंडनचा लँबेथ राजवाडा सोडून सफोकमधील फ्रेसिंगफील्ड या आपल्या जन्मगावी परतले आणि १६९३ मध्ये तेथेच वारले.

खरी कसोटी मात्र पुढे लागली. १६९४ मध्ये नॉनज्युररांनी गुप्तपणे नवे बिशप अभिषिक्त केले, तेव्हा व्यक्तिगत सचोटीतून पंथभेद जन्मला. केन यांना हा मार्ग अमान्य होता. १७०३ च्या भीषण वादळात धुराडे कोसळून त्यांच्या जागी बसलेले बिशप किडर मरण पावले, तेव्हा केन यांनी पदावरील आपला दावा शपथ घेतलेल्या जॉर्ज हूपर या मित्राच्या बाजूने सोडून दिला आणि त्याबद्दल आपल्याच कडव्या सोबत्यांचा रोष पत्करला. स्वतः शपथ न घेताही त्यांनी आपल्या नकाराचा भार धर्मप्रांतातील लोकांवर पडू दिला नाही. दिलेला शब्द ज्याचा त्याने पाळावा, पण त्यापायी समाज दुभंगू देऊ नये, हा विवेक या साऱ्या वादात केन यांच्याइतका स्पष्टपणे क्वचितच कोणी आचरून दाखवला.