मुंबईच्या ग्रिलमध्ये रॉकक्रेस का मरतं?

इन्स्टावर गार्डनिंगची चार रील्स लागोपाठ बघितली की पाचवीत ते येतंच. जुनी दगडी भिंत, भिंतीवरून खाली ओसंडणारा जांभळ्या फुलांचा गालिचा आणि मागे मंद पियानो. खाली नाव असतं रॉकक्रेस. मग बियांचं पाकीट कार्टमध्ये पडतं. बोरिवलीतल्या नाहीतर घाटकोपरच्या चौथ्या मजल्यावरच्या बॉक्स ग्रिलमध्ये कुंडी भरली जाते, आठ-दहा दिवसांत हिरवे ठिपके दिसतात, स्टोरी पडते. पुढची स्टोरी सहसा पडत नाही. मार्च-एप्रिलच्या उन्हात रोपं माना टाकतात, त्यातूनही एखादं वाचलंच तर जूनमध्ये कुजतं. आणि घरात कुणीतरी हमखास म्हणतं, "तुझ्या हाताला गुणच नाही."

आपलं भांडण या वाक्याशी आहे. कारण हाताचा इथे काही संबंध नाही. दादरच्या फुलमार्केटात आयुष्य काढलेल्या माणसालाही मुंबईत रॉकक्रेस जगवता येणार नाही. पण पहिलंच झाड मेलं की दुसरं लावायची हिंमत जाते, कुंडी माळ्यावर जाते आणि दीड फुटाचं ग्रिल पुन्हा टॉवेल वाळत घालायला मोकळं होतं.

आधी हे रॉकक्रेस आहे कोण ते बघू. हे एका झाडाचं नाव नाही. ऑब्रिएटा आणि अरेबिस ही त्यातली दोन मोठी घराणी. ऑब्रिएटा मूळची आग्नेय युरोप आणि पश्चिम आशियातल्या डोंगरांमधली. क्लॉद ऑब्रिए या फ्रेंच चित्रकाराचं नाव तिला दिलंय, तो वनस्पतींची चित्रं काढायचा. दगडांच्या फटीत मुळं खुपसायची, पाणी झरझर निघून जाईल अशी खडीची जमीन, वर लख्ख ऊन आणि हवेत गारवा, असा तिचा संसार. थंडीत ती गपचूप पडून राहते आणि वसंत आला की भिंतच्या भिंत रंगवते. ब्रिटनमध्ये शिकायला गेलेली कुणी मैत्रीण असेल तर एप्रिलमध्ये तिला विचारा, घरांच्या पुढच्या बुटक्या भिंतींवर हेच लोंबत असतं.

गोची त्या थंडीतच आहे. अरेबिस अल्पिना या रॉकक्रेसवर युरोपात बरंच संशोधन झालंय. प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या तिच्या एका वाणाला फुलवायचं तर साधारण ४ अंश तापमानात १२ आठवडे ठेवावं लागतं. हे ४ अंश म्हणजे आपल्या फ्रिजच्या आतलं तापमान. कुणी सांगेल, बिया फ्रिजमध्ये ठेव आणि मग पेर. पण तोही जुगाड इथे चालत नाही, कारण हे झाड वयाचंही पक्कं आहे. ३ आठवड्यांच्या कोवळ्या रोपाला एवढी थंडी दिली तरी ते फुलत नाही, अंगाने जरा मोठं व्हावं लागतं. म्हणजे तीन महिने कुंडीच फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात. घरच्यांना विचारून बघा!

आता आपली थंडी. जानेवारीत सांताक्रूझला पहाटे सरासरी १७ अंशांच्या आसपास असतं आणि तेवढ्यावर आपण कपाटातलं एकुलतं एक हुडी काढतो. सांताक्रूझ वेधशाळेचा नीचांक आहे ७.४ अंश, तोही २२ जानेवारी १९६२ चा. आपल्या आजी-आजोबांच्या तरुणपणातली ती एक पहाट सोडली तर रॉकक्रेसला "हां, आता आली थंडी" असं वाटावं असं या शहरात काही घडलेलं नाही. उलट त्याला जे अजिबात सोसत नाही, म्हणजे दमट उकाडा आणि सतत भिजलेली मुळं, ते आपल्याकडे मुबलक.

जाता जाता एक. निळ्या-पिवळ्या-लाल पट्ट्यांचं इंद्रधनुषी रॉकक्रेस दाखवणाऱ्या जाहिराती पाहिल्या असतील. तसं झाड नसतं. रंग फोटोत भरलेले असतात.

पण नावातच एक गंमत लपलीय आणि ती आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येते. रॉक म्हणजे खडक, आणि क्रेस म्हणजे? ज्याला इंग्रजीत गार्डन क्रेस म्हणतात तो आपला अळीव. हो, तोच लाडवांचा. घरात बाळंतीण असली की नारळाच्या पाण्यात भिजणारे ते विटकरी, बुळबुळीत दाणे. म्हणजे रॉकक्रेसला शब्दशः खडकअळीव म्हणायला हरकत नाही. दोघेही मोहरीच्या कुळातले. मुळा, कोबी, फ्लॉवर, सगळी एकच खानदान. ओळखायची खूण सोपी आहे, फुलाला चार पाकळ्या आणि त्यांची मांडणी अधिकच्या चिन्हासारखी.

बॉटनीवाल्या मंडळींनी याच खानदानातली एक सेलिब्रिटी ओळखली असेल, अरॅबिडॉप्सिस थालियाना. रॉकक्रेसच्याच नात्यातलं हे वीतभर उंचीचं, दिसायला अगदी सुमार गवतवजा रोप. पण संपूर्ण जनुकीय आराखडा वाचला गेलेली ही जगातली पहिली वनस्पती, साल २०००. अपोलो यानांनी आणलेल्या चंद्राच्या मातीत फ्लोरिडा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी जे रोप उगवून दाखवलं तेही हेच, २०२२ मध्ये. चंद्राच्या मातीत उगवतं, पण तिथेही रोपं खुरटलेली आणि ताणाखाली होती. माती परकी असली की झाडाला ते कळतं, एवढं आपल्यापुरतं पुरे.

मग ग्रिलमध्ये लावायचं काय?

या कुळातलंच काही हवं असेल तर मुहूर्त एकच, दिवाळीच्या आसपासचा. मिसळणाच्या डब्यातली चमचाभर मोहरी कुंडीत विखरा, वर मातीचा पातळ थर द्या. आठवड्याच्या आत उगवते आणि दीडेक महिन्यात पिवळी फुलं. अळीव त्याहून उतावळा. ताटलीत ओला कापूस पसरून त्यावर दाणे टाकले की दोन-तीन दिवसांत कोंब. दहा दिवसांत कातरीने कापून सँडविचमध्ये घाला, चव तिखटसर लागते. हॉस्टेलच्या खिडकीत हे सहज होतं, कुंडीसुद्धा लागत नाही.

आणि तो ओसंडणारा गालिचाच पाहिजे असेल तर या कुळातलं अ‍ॅलिसम बघा. हिवाळ्यात हायवेलगतच्या नर्सऱ्यांमध्ये रोपं मिळतात. बारीक पांढरी फुलं, मधासारखा वास, कुंडीच्या कडेवरून छान लोंबतं. मार्चमध्ये मात्र ते जाणार. ते एका हंगामाचंच पाहुणं आहे, तेव्हा निरोप द्यायचा, रडायचं नाही.

पण मुंबईच्या उन्हाला, सिमेंटला आणि विसराळू मालकाला पुरून उरणारं झाड म्हणाल तर माझं मत ऑफिस टाइमला. कुणी चिनी गुलाब म्हणतं. अर्जेंटिना, दक्षिण ब्राझील, उरुग्वे हा त्याचा मुलूख. सकाळी नऊ-दहाला उघडतं, दुपार कलली की शटर डाउन. फूल बहुधा एकाच दिवसाचं, पण रोज नवी येत राहतात. बाजारात घोळाची भाजी मिळते ना, ती याची सख्खी बहीण. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात खातात ती चिवळ, तीही. या घराण्याची खासियत म्हणजे पाणी मुबलक असताना ही झाडं एका पद्धतीने अन्न तयार करतात आणि तहान लागली की निवडुंगासारखी दुसरी पद्धतही चालू करतात, पानांची रंध्रं रात्री उघडून. पोस्टपेड संपलं की प्रीपेड, असलं काहीतरी. शेजारणीकडे किल्ली न देता चार दिवस गावाला जाता येतं ते यामुळेच.

लावायला बी नको, पैसे तर नकोच. बिल्डिंगमध्ये कुणाकडे तरी असतंच. काकूंकडून चार बोटं लांबीच्या पाच-सहा फांद्या मागून आणा. खालची पानं काढा, दोन पेरं मातीत जातील अशा खोचा आणि दोन दिवस सावलीत ठेवा. आठ-दहा दिवसांत मुळं धरतात. कुंडी उथळ चालते, आइस्क्रीमचा डबाही चालतो, फक्त तळाला भोकं सढळ हाताने पाडा. निम्मी लाल माती, उरलेल्यात जाडसर रेती आणि थोडं शेणखत. नुसत्या कोकोपीटमध्ये लावू नका, ते पाणी धरून बसतं आणि दांडे कुजतात. पाणी केव्हा घालायचं? बोट पेरभर खुपसा, कोरडं लागलं तरच. खत फार घातलं की नुसती हिरवीगार वाढ होते आणि फुलं रुसतात. शेंडे अधूनमधून खुडत राहा. खुडलेला शेंडा म्हणजे नवं रोप, तो मैत्रिणीला द्या.

खरा प्रश्न मातीचा नाही, दिशेचा आहे. ऑफिस टाइमला थेट ऊन लागतं, निदान चार-पाच तास. ग्रिल पश्चिमेला असेल तर मजाच. उत्तरेला असेल, किंवा समोर हाताच्या अंतरावर दुसरी बिल्डिंग उभी असेल, तर पानं येतील, कळ्याही धरतील आणि न उघडताच गळतील. तिथे पानफुटी, फर्न, मनी प्लांट असली सावलीतली मंडळी लावा. पांढऱ्या कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पाण्यात बोळा बुडवून पुसून काढा, नीमतेल त्यानंतर. आणि जूनच्या पहिल्या सरीआधी कुंडी छज्जाखाली ओढा. जुलैत ती थोडी किडकिडीत होईल, होऊ दे. दोन-चार फांद्या वेगळ्या डब्यात कोरड्या जागी लावून ठेवल्या की गणपतीनंतर पुन्हा सुरुवात.

एक करून बघाच. दहाच्या सुमाराला उमललेल्या फुलातल्या पुंकेसरांना काडीने अलगद स्पर्श करा. ते हलतात! मधमाशी आली असं समजून स्पर्शाच्या दिशेने झुकतात. हे रीलमध्ये कुणी दाखवत नाही.

दगडावरची झाडं बघायचीच असतील तर

त्यासाठी युरोपला जायची गरज नाही, स्लो लोकल पुरेशी आहे. आपण राहतोच मुळात लाव्हाच्या दगडावर. अंधेरी पश्चिमेचा गिल्बर्ट हिल हा साधारण २०० फूट उंचीचा बेसॉल्टचा सुळका, वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं. भवन्सची पोरं रोज त्याच्या बाजूने जातात आणि त्यातल्या कित्येकांनी मान वर करून पाहिलेलं नसतं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या पायऱ्या चढा, ऑगस्टमध्ये. एप्रिलमध्ये तव्यासारखा तापणारा तोच कातळ तेव्हा शेवाळाने मऊ झालेला असतो. फटीफटीत रानबिगोनियाची नाजूक गुलाबी फुलं असतात आणि उतारांवर तेरडा. चार महिन्यांत उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि गायब. उद्यानातल्या उतारांवरच्या कारवीला तर त्याचीही घाई नाही, ती आठ वर्षांतून एकदा फुलते. २०१६ आणि २०२४ ही तिची गेली दोन सालं. आता २०३२. तेव्हा आपण नोकरीत असू, सुट्टी आत्ताच टाकून ठेवा.

यातलं काहीही उपटून आणायचं नाही, हे मात्र ठासून सांगते. राष्ट्रीय उद्यानातून झाड काढणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आणि समजा कुणी पाहिलं नाही, तरी कान्हेरीचा बिगोनिया तुमच्या ग्रिलमध्ये तसाच मरेल जसं रॉकक्रेस मेलं. त्याला तो कातळ हवा असतो आणि त्यावरून सतत झिरपणारं पाणीही.

ग्रिलबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण उपनगरात बाग म्हणजे ग्रिलच. गच्ची सोसायटीची, कंपाउंड पार्किंगचं. कुंड्यांचं पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर पडलं की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महाभारत सुरू होतं, आणि खालच्यांचं चुकत नाही. प्रत्येक कुंडीखाली ताटली हवी आणि ताटलीतलं पाणी रोज ओतून टाकायला हवं, नाहीतर डेंग्यूच्या डासांची सोय होते. कुंडी कठड्यावर नाही, ग्रिलच्या आत, तीही तारेने बांधून. वरून निसटलेल्या कुंडीखाली कुणाचं डोकं असेल ते सांगता येत नाही. ऑफिस टाइमचं इथेही बरं आहे, हलका प्लॅस्टिकचा डबा पुरतो, गंजक्या सळयांवर मातीचं ओझं पडत नाही.

मुलुंडपासून अंधेरीपर्यंत जुन्या चार मजली इमारती एकामागून एक रिडेव्हलपमेंटला जातायत. नव्या टॉवरांमध्ये बहुतेक ठिकाणी काचेच्या सरकत्या खिडक्या असतात, बॉक्स ग्रिल लावायची परवानगी नसते. सामान बांधताना कुंड्या पहिल्यांदा वाटून टाकल्या जातात, भाड्याच्या घरात त्यांना जागा कुठली? तुमच्या बिल्डिंगची मीटिंग झाली असेल, सह्या सुरू असतील, तर काकूंच्या ग्रिलमधल्या त्या गडद गुलाबी ऑफिस टाइमच्या फांद्या याच आठवड्यात मागून घ्या.