ट्रॅक्टरच्या शक्तिप्रेषणातील बिघाडाचे निदान

ट्रॅक्टरच्या शक्तिप्रेषण यंत्रणेतील बिघाडाचे निदान म्हणजे इंजिनात निर्माण झालेली शक्ती मागील चाकांपर्यंत व पी.टी.ओ. दंडापर्यंत पोहोचताना नेमकी कोठे अडते किंवा वाया जाते, हे यंत्र उघडण्यापूर्वी ओळखणे होय. क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि चाकांजवळील अंतिम गतिघट हे या यंत्रणेचे मुख्य टप्पे आहेत. साधी क्लच प्लेट बदलण्यासाठीही बहुतेक ट्रॅक्टर इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्यावर दोन भागांत वेगळे करावे लागतात. त्यामुळे चुकीचे निदान महाग पडते.

पालघर परिसरातील संदर्भ

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात भात हे खरिपाचे प्रमुख पीक आहे. येथे वर्षाला साधारणपणे २,००० मिमीहून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात पडतो. लावणीपूर्वी खाचरात पाणी साठवून चिखलणी केली जाते. भाताची रोपे २१ ते २५ दिवसांची असताना लावणी व्हावी, अशी सर्वसाधारण शिफारस असते. वय उलटलेल्या रोपांना फुटवे कमी येतात. एकाच ट्रॅक्टरवर अनेकांची चिखलणी अवलंबून असेल, तर तो आठवडाभर उभा राहिल्याचा परिणाम त्या सर्वांच्या पिकावर होतो. बोईसर-तारापूर पट्ट्यात खाडीलगतच्या खारजमिनीही आहेत. तेथील खारे पाणी सीलमधून आत शिरल्यास बेअरिंग गोड्या पाण्यापेक्षा लवकर गंजतात. पावसाळ्यानंतर अनेक ट्रॅक्टर ट्रॉलीच्या वाहतुकीला लागतात. चिखलणीत पाणी आत शिरण्याचा धोका मोठा असतो, तर वाहतुकीत क्लचची झीज अधिक होते. म्हणून ट्रॅक्टर मागील काही महिने कोणत्या कामावर होता, हा निदानातील पहिला प्रश्न ठरतो.

चाकाची घसरण आणि क्लचची घसरण

ट्रॅक्टर ओढत नाही, ही सर्वांत सामान्य तक्रार होय. भार येताच इंजिनाचा आवाज दबून फेरे कमी होत असतील, तर दोष बहुधा इंजिनात, इंधनपुरवठ्यात किंवा अतिभारात असतो. इंजिनाचे फेरे कायम राहून ट्रॅक्टर थांबत असेल, तर कोठेतरी घसरण होत आहे. चिखलात येथेच गफलत होते. मागील चाके फिरत असून ट्रॅक्टर पुढे सरकत नसेल, तर घसरण चाकाची आहे. त्यावर केज व्हील लावणे किंवा वजन वाढवणे हा उपाय होय. इंजिन जोरात फिरत असून दोन्ही चाके स्थिर असतील, तर क्लचचा संशय घ्यावा. एकच चाक जागच्या जागी फिरत असेल, तर तो बिघाड नसून डिफरन्शियलचा स्वभावच आहे. अशा वेळी डिफरन्शियल लॉक वापरतात, मात्र वळण्यापूर्वी तो सोडावा लागतो.

क्लचची खात्री कोरड्या, सपाट जागेवर करता येते. ब्रेक पूर्ण दाबून, वरच्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडल्यास इंजिन बंद पडले पाहिजे. ते फिरत राहिले तर प्लेट घसरत आहे. ही चाचणी क्षणभरच करावी आणि ट्रॅक्टरसमोर कोणी उभे राहू नये. त्यानंतर पेडलची मोकळी हालचाल मोजतात. तिचे योग्य माप मॉडेलनुसार बदलते व ते पुस्तिकेत दिलेले असते. हालचाल अजिबात नसेल, तर प्रेशर प्लेट पुरती आवळत नाही आणि अशी घसरण कधी कधी केवळ समायोजनाने थांबते. हालचाल फार असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही व गिअर टाकताना दात करकरतात. असा करकराट ऐकून गिअरबॉक्स उघडण्याची घाई केली जाते, ती बहुतेक वेळा अनाठायी असते. बराच काळ उभ्या असलेल्या ट्रॅक्टरमध्ये प्लेट गंजाने चिकटल्यासही हेच लक्षण दिसते.

अनेक ट्रॅक्टरांत क्लच हाऊसिंगच्या तळाशी निचऱ्याचे छिद्र असते. चिखलात काम करताना ते बुचाने बंद करावे व नंतर उघडावे, अशी सूचना असते. बूच तसेच राहिल्यास गळलेले तेल आत साठून प्लेटवर जाते. बूच काढल्यावर इंजिनाचे तेल आले तर क्रँकशाफ्टच्या मागील सीलकडे, गिअर ऑईल आले तर गिअरबॉक्सच्या पुढील दंडाच्या सीलकडे पाहावे लागते.

आवाजावरून निदान

पेडल दाबल्यावरच आवाज येत असेल, तर रिलीज बेअरिंग किंवा पायलट बेअरिंग तपासतात. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेले असताना येणारा आणि दाबताच थांबणारा आवाज गिअरबॉक्सच्या पुढील दंडाकडे बोट दाखवतो. एकाच गिअरमध्ये आवाज असेल तर त्या जोडीचे दात खराब असण्याची शक्यता अधिक असते. सर्व गिअरांत, ट्रॅक्टरच्या वेगाबरोबर बदलणारा आवाज क्राऊन-पिनियन किंवा अंतिम गतिघटीतून, तर केवळ वळताना येणारा आवाज डिफरन्शियलच्या आतील लहान दंतचक्रांतून येतो. भाराखाली गिअर आपोआप निघत असेल, तर शिफ्टर फोर्क, खाचेत बसणारी गोळी व तिची स्प्रिंग किंवा दातांची झीज ही कारणे संभवतात.

तेलाची तपासणी

चिखलणीच्या हंगामात सर्वाधिक माहिती तेलातून मिळते. दुधाळ तेल म्हणजे पाणी मिसळल्याची खूण. तेल न भरता डिपस्टिकवरील पातळी वाढली असेल, तर शंका उरत नाही. ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवून सकाळी निचऱ्याचा बोल्ट किंचित सैल केल्यास, तेलाशी एकजीव न झालेले पाणी आधी बाहेर येते. हे पाणी ॲक्सलच्या सीलमधून, ब्रीदरमधून किंवा गिअर लिव्हरच्या फाटलेल्या रबरी टोपणातून शिरते. ॲक्सलभोवती गुंडाळलेला पेंढा, गवत व प्लॅस्टिकच्या दोऱ्या सील कापतात, त्यामुळे धुताना तो भाग मोकळा करणे आवश्यक असते. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेच्या ट्रॅक्टर चाचण्यांतही चिखलातील कामानंतर पाणी आत शिरले का, हे पाहिले जाते.

अनेक मॉडेलांत गिअरबॉक्स व हायड्रॉलिक लिफ्टचे तेल एकच असते. तेथे लिफ्ट हिसके देत उचलणे हे पाणी शिरल्याचे किंवा तेल कमी झाल्याचे लक्षण असू शकते. चुंबकीय बोल्टवरील करडी, मऊ पेस्ट ही नेहमीची झीज होय. बोटाला टोचणारे कपचे सापडल्यास मात्र ट्रॅक्टर चालवणे तत्काळ थांबवतात, कारण एक तुटलेला तुकडा इतर दातांत अडकून संपूर्ण पेटी फोडू शकतो. केवळ पाणी शिरले असल्यास सील बदलून, तेल पूर्ण काढून नवे भरतात, थोडा वेळ चालवून ते पुन्हा तपासतात आणि दुधाळपणा परत दिसला तर तेल पुन्हा बदलतात.