दुधाची निर्यात आणि गोठ्यापासूनची वाट

कोलकाता : दूध उत्पादनात भारत जगात पहिल्या क्रमांकावर आहे. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे २३ कोटी ९३ लाख टन दूध उत्पादित झाले. त्याच वर्षी दुग्धजन्य पदार्थांची निर्यात मात्र जेमतेम ६४ हजार टन, म्हणजे सुमारे २,२६१ कोटी रुपयांची होती.

देशांतर्गत मागणी मोठी आहे, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण गोठा आणि शीतकरण केंद्र यांमधल्या वाटेवर सापडते. धारोष्ण दूध लवकरात लवकर ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावे लागते. बंगालच्या दमट हवेत थोडा विलंबही जीवाणूंना पुरतो. पाश्चरीकरणाने जीवाणू मरतात. दुधाचा गेलेला दर्जा परत येत नाही. खेड्यापाड्यांतले दूध फाडून छाना करण्याची बंगालची जुनी रीत म्हणूनच व्यवहाराला धरून आहे. कोलकात्याच्या मिठाईचा तो पायाच.

सुंदरबनात तर रस्त्याच्या जोडीला होडी, धक्का आणि भरती-ओहोटीचा हिशेब आला. तेथील महिलांच्या ‘सुंदरिनी’ या सहकारी संघाला २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय दुग्ध महासंघाचा पुरस्कार मिळाला. संघाच्या उत्पादनांत तूप आहे, आणि लांबचा प्रवास सोसणारा दुग्धपदार्थ तोच.

डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने सपाट प्रदेशासाठी ५०० लोकवस्तीचा निकष ठेवला. २०१९ च्या तिसऱ्या टप्प्यात कृषी बाजार, शाळा व रुग्णालयांकडे जाणाऱ्या रस्त्यांना प्राधान्य मिळाले. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर चौथ्या टप्प्यात ६२,५०० किलोमीटर रस्ते अपेक्षित असून खर्च ७०,१२५ कोटी रुपये आहे. पश्चिम बंगाल सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘पथश्री-रास्ताश्री’ उपक्रमात सुमारे १२ हजार किलोमीटरचे काम हाती घेतले.

तथापि, वस्तीपर्यंत डांबर पोहोचले तरी महाराष्ट्रात जिला पाणंद म्हणतात ती गोठ्याकडची वाट पावसाळ्यात चिखलातच राहते. शिवाय गावात शीतकरणाची टाकी आणि तिला अखंड वीज नसेल, तर चांगल्या रस्त्याचा लाभ अर्धाच.

युरोपीय संघाची बाजारपेठ भारतीय दुग्धपदार्थांना बंद आहे, त्यात लाळ्या-खुरकुताचाही वाटा आहे. २०१९ च्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाने २०३० पर्यंत या रोगाच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्याची लसही थंडच ठेवावी लागते आणि ती गोठ्यापर्यंत त्याच वाटेने जाते.