धुमसणारी गाठ

यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या भिवंडीकराला कापसाची आग समजावून सांगावी लागत नाही. ज्वाळा दिसतच नाही. ठिणगी गाठीच्या पोटात धुमसत राहते आणि गाठ फोडून रुई विस्कटल्याशिवाय ती पुरती विझत नाही. शेडमधल्या मोटारींवर, पत्र्याखाली साठलेली रुई आम्ही झाडत आलो, ती याच धास्तीने.

मुंबई बंदरातल्या स्फोटाची गोष्ट निघाली की लोक सोन्याच्या विटांवर बोलतात. मला मात्र त्या जहाजातल्या कापसाच्या गाठीच आठवतात.

फोर्ट स्टिकीन हे जहाज फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडातल्या बर्कनहेडहून निघालं. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती, शिवाय सोनं. कराचीला काही माल उतरला आणि त्या जागी सुमारे ८,७०० कापसाच्या गाठी आणि तेलाची पिंपं चढली. युद्धामुळे जहाजं कमी पडत होती, त्यामुळे रिकामी जागा सोडायची नाही असा काळ होता. एका कप्प्यात तर गाठी खाली आणि स्फोटकं वर. आमचा साधा हमालही असा माल लावताना दहादा विचार करील.

१२ एप्रिलला जहाज व्हिक्टोरिया डॉकला लागलं. १४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास त्या कप्प्यातून धूर निघाला. बंब आले, नळ्या आत सोडल्या, ९०० टनांहून जास्त पाणी ओतलं. धुरामुळे आग नेमकी कुठे आहे तेच सापडेना. पाणी उकळू लागलं. पाणी चढलं तशा जळत्या गाठी तरंगत वर, स्फोटकांकडे सरकल्या असं मानतात. जहाज सोडायचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट आणि साधारण अर्ध्या तासाने दुसरा.

सिमल्याच्या भूकंपमापकावर धक्क्याची नोंद झाली. आवाज ८० किलोमीटरपर्यंत गेला म्हणतात. भिवंडी या टापूच्या पुष्कळच आत आहे. गोदीतली धान्याची गोदामं, मस्जिद बंदरच्या वखारी, वस्त्या पेटल्या. मैलभर लांबच्या एका पारशी गृहस्थाच्या घरावर सोन्याची वीट येऊन पडली, ती त्यांनी इमानाने परत केली. आठशेहून जास्त माणसं गेली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते, जहाजाच्या अगदी कडेला नळी धरून उभे असलेले. युद्धकाळातल्या सेन्सॉरमुळे देशातल्या वर्तमानपत्रांना मे महिन्यापर्यंत ही बातमी नीट छापता आली नाही.

युद्धाच्या खुणा याहूनही जवळ आहेत. भिवंडीहून कोन गावावरून दुर्गाडीचा पूल ओलांडला की कल्याण, आणि पुढे उल्हासनगर. तिथे लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना त्याच बराकींत आसरा मिळाला. आजही रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा तो 'कॅम्प तीन', 'कॅम्प चार' असाच. मलंग रोडवरच्या नेवाळीत युद्धात धावपट्टीसाठी शेतजमिनी घेतल्या गेल्या. त्या परत मिळाव्यात म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी जून २०१७ मध्येही आंदोलन केलं. युद्ध संपून ७२ वर्षं झाली होती!

त्या ६६ जवानांचं स्मारक भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात आहे. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सप्ताह देशभर पाळतात. भिवंडी तालुक्यात आज मैलोन्‌मैल गोदामं आहेत, आणि रसायनांच्या गोदामाला आग लागल्याची बातमी आम्हाला नवी नाही. गाळा भाड्याने देणाऱ्या आणि घेणाऱ्या माझ्या गाववाल्यांना कळकळीने सांगतो: या सप्ताहात एकदा स्वतः आत जाऊन बघा. पिंपं आणि कापडाचे तागे एका छपराखाली असतील, तर त्याच दिवशी वेगळे करा. आणि आत काय ठेवलंय त्याची पाटी दारावर लावा, बंबवाल्याला लांबून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.