बोनस की बेडी?

वागळे इस्टेटमध्ये ‘बोनस’ या शब्दाला इतिहास आहे. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या कार्याचा प्रारंभ जेथून झाला, त्या या वसाहतीतील कामगाराच्या लेखी बोनस म्हणजे मालकाची मेहेरबानी नव्हे, तर वर्षभराच्या श्रमाचे राहिलेले देणे होय. १९६५ च्या कायद्याने त्यास हक्काचे रूप दिले आणि पुढे ठरलेले किमान ८.३३ टक्क्यांचे बंधन आजच्या वेतन संहितेतही कायम आहे. दिवाळीपूर्वी हाती पडणाऱ्या या रकमेतून उधारी फेडावी की मुलांना कपडे घ्यावेत, याविषयी मालकाची कोणतीही अट नसते.

कारखान्यांच्या अनेक शेडच्या जागी आता कचेऱ्यांच्या इमारती उभ्या आहेत आणि तोच शब्द भ्रमणध्वनीच्या पडद्यावर वेगळ्याच अर्थाने अवतरला आहे. ‘पहिल्या भरण्यावर शंभर टक्के बोनस’ असे ऑनलाइन कॅसिनो सांगतात. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंविषयी कायदा केला. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. राज्याने ज्याला दार उघडले नाही, ते खिशातून घरात शिरले.

या बोनसच्या पोटात उलाढालीची अट दडलेली असते. समजा, कोणी दोन हजार रुपये भरले आणि त्यास दोन हजारांचा बोनस मिळाला. अट तीसपटीची असेल, तर साठ हजार रुपयांच्या पैजा लावून झाल्याखेरीज बोनस वा त्यावर जिंकलेली रक्कम काढता येत नाही. पुष्कळदा मूळ भरणाही त्यात अडकून पडतो. खेळात चालकाचा वाटा शंभरास चार रुपये धरला, तर साठ हजारांवर सरासरी तोटा दोन हजार चारशे रुपये होतो. म्हणजे दोन हजारांचा बोनस तर गेलाच, वर पदरचे चारशेही गेले. हीच पट भरणा व बोनस या दोहोंवर मोजली, तर उलाढाल एक लाख वीस हजारांची आणि हिशेबी तोटा चार हजार आठशेंचा. खात्यात तर मुळात चारच हजार! अट पुरी होण्याआधी खाते रिकामे होणे हाच तेथील सर्वसाधारण नियम ठरतो. त्यात मुदतीचे बंधन असते आणि काही खेळांतील पैजा अंशतःच मोजल्या जातात. एखाद्याचे नशीब फळफळते, नाही असे नाही. पण जाहिरातीत मिरवतो तो तोच.

साठच्या दशकात मुंबईत फोफावलेल्या मटक्याशी तुलना केली, तर यातील मर्म ध्यानी येते. मटक्यात दहांपैकी एका आकड्यावर रुपया लावून जिंकणाऱ्यास नऊ रुपये मिळत. म्हणजे चालकाचा वाटा शंभरास दहा. वरवर पाहता चार टक्क्यांचा कॅसिनो अधिक उदार वाटतो. परंतु मटक्याचा बुकी आपला वाटा एका पैजेवर एकदाच घेई आणि जिंकलेला पैसा घेऊन माणूस घरी जाऊ शके. येथे तोच पैसा पुनःपुन्हा फिरवण्याची सक्ती आहे. लूट दरात नाही, आवर्तनांत आहे.

‘अटी लेखी असतात, खेळणारा राजीखुशीने त्या मान्य करतो,’ असा युक्तिवाद केला जातो. परंतु बोनस ठळक अक्षरांत आणि अट बारीक इंग्रजीत असेल, तर त्या संमतीस ज्ञानपूर्वक संमती कसे म्हणावे? ब्रिटनच्या जुगार आयोगाने मार्च २०२५ मध्ये ही अट दहापटीहून अधिक असू नये, असा निर्णय जाहीर केला. वरील उदाहरणात दहापटीने सरासरी तोटा आठशे रुपयांवर येतो. बोनस आणि बेडी यांतील अंतर केवळ या गुणकाने ठरते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

आपल्याकडे मार्ग निराळा आहे. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ, त्यांच्या जाहिराती आणि त्यांसाठी बँकांमार्फत होणारे व्यवहार यांवर बंदी घातली. प्रस्तुत लेखकास हे धोरण मान्य आहे. मात्र जो धंदाच निषिद्ध, त्याच्या अटींवर मर्यादा कोण घालणार? परदेशात बसलेला चालक आपल्या कायद्यास जुमानत नाही आणि अडकलेल्या पैशाविषयी कोठे दाद मागावी, हे खेळणाऱ्यास उमगत नाही. या कायद्यात खेळणाऱ्यास शिक्षा नाही, ही गोष्ट म्हणूनच घरोघरी पोहोचली पाहिजे. फसलेल्याने लाजेपोटी गप्प न बसता १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करावी.

शासनाने पैशांची वाट अडवावी, हे तर झालेच. परंतु दिवाळीचा बोनस वाटला जाईल त्या आठवड्यात वागळे इस्टेटमधील कामगार संघटनांनी आणि व्यवस्थापनांनी वरचा साठ हजारांचा हिशेब मराठीत, मोठ्या अक्षरांत सूचनाफलकावर लावावा. त्यास खर्च काहीच नाही. घामाचा बोनस पडद्यावरच्या बोनसच्या नादाने जाऊ नये, एवढे तरी त्याने साधेल.