अर्धायुकाल आणि औषधाची रक्तातील संहती : डिगॉक्सिनचे उदाहरण

औषधाची रक्तातील संहती निम्मी होण्यास लागणारा काळ म्हणजे अर्धायुकाल होय. ठरावीक काळानंतरची संहती काढण्यासाठी आरंभीच्या संहतीस १/२ च्या (लोटलेला काळ ÷ अर्धायुकाल) इतक्या घाताने गुणावे लागते. हृदयविकारावरील डिगॉक्सिनचा अर्धायुकाल मूत्रपिंडे निरोगी असताना सुमारे २ दिवस असतो. विषबाधेची शक्यता असलेल्या २.४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर या संहतीस औषध थांबवल्यास ४ दिवसांनी ती ०.६ होते. मूत्रपिंडे जवळजवळ निकामी असल्यास मात्र अर्धायुकाल ४ दिवसांपर्यंत लांबू शकतो. तेव्हा तितक्याच अवधीत १.२ उरते. अशा रुग्णास नेहमीची दैनिक मात्रा चालू ठेवल्यास औषध शरीरात साठत जाते. सारांश, अर्धायुकाल हा केवळ औषधाचा स्थिरांक नसून तो रुग्णावरही अवलंबून असतो, हे सूत्र शिकवतानाच विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविणे अगत्याचे आहे.